दोन किलो सातशे ग्रॅम

पुण्यापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या सहा गावांत १९९३ साली एक फेरी सुरू झाली. लग्न झालेल्या, मूल होण्याच्या वयातल्या बायकांच्या दारात महिन्यातून एकदा एक कार्यकर्ती यायची आणि विचारायची, शेवटची पाळी कधी आली? उत्तर मिळालं की वहीत लिहायचं आणि पुढचं दार गाठायचं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. ज्या घरांत 'कावळा शिवला' एवढंसुद्धा खाली मान घालून सांगायची रीत, तिथे हा प्रश्न महिन्यामागून महिने विचारत राहणं आणि त्याचं खरं उत्तर मिळवणं, हे या अभ्यासाचं पहिलं आणि माझ्या मते सगळ्यांत अवघड काम. रक्ताच्या तपासण्या, परदेशी पाहुणे, 'लान्सेट'मधले लेख ही सगळी नंतरची गोष्ट.

अभ्यासाचं नाव 'पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी'. डॉक्टरांच्या जगात तो पीएमएनएस या चार अक्षरांनी ओळखला जातो. बाळ आईच्या पोटात असताना तिला काय मिळालं, काय मिळालं नाही, आणि त्याचा हिशेब पुढे त्या बाळाच्या शरीरात कसा निघतो, हे पाहणाऱ्या जगातल्या मोजक्या दीर्घ अभ्यासांत त्याची गणना होते. त्यातली बाळं आता तिशीच्या आसपास आहेत. त्यांतल्या अनेकांना स्वतःची मुलं झाली आहेत आणि तीही मोजली जात आहेत.

पाळीची तारीख एवढी महत्त्वाची का? गरोदरपणाचे बहुतेक अभ्यास दवाखान्यात सुरू होतात. बाई नाव घालायला येते तेव्हा तिला तिसरा, चौथा, कधी पाचवा महिना लागलेला असतो. गर्भाच्या ज्या नळीतून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात, ती गर्भधारणेपासून अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास मिटते. त्या वेळी पुष्कळ बायकांना आपल्याला दिवस गेलेत याचाही पत्ता नसतो. म्हणजे दवाखान्यात वही उघडेपर्यंत पायाभरणी होऊन गेलेली. त्यात दिवस जाण्याआधी त्या बाईचं वजन किती होतं, हे कुणीच सांगू शकत नाही. पुण्याच्या मंडळींनी म्हणून उलटा रस्ता धरला. गावातल्या सुनांची उंची-वजनं आधी घेऊन ठेवली आणि मग वाट पाहिली. पाळी चुकली की सोनोग्राफी करून दिवस पक्के करायचे. अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या आसपास काय खाल्लं, किती राबली, रक्तात काय आहे, हे तपासायचं. आणि बाळ जन्मलं की ७२ तासांच्या आत टेप आणि काटा घेऊन त्या घरी पोहोचायचं.

सोनोग्राफीचा उल्लेख आला म्हणून जाता जाता एक आठवण. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा राज्याचा कायदा महाराष्ट्राने १९८८ सालीच केला होता, केंद्राचा १९९४ साली झाला. हे यंत्र ज्या कामासाठी बदनाम होत होतं, त्याच वर्षांत या सहा गावांत ते दिवस मोजायला आणि गर्भाची वाढ पाहायला वापरलं जात होतं.

हा सगळा व्याप ज्या संस्थेने उभा केला ती पुण्याच्या रास्ता पेठेतली. केईएम हॉस्पिटल १९१२ सालचं. पुणेकरांच्या कित्येक पिढ्यांचा जन्म तिथला. डॉ. बानू कोयाजी यांनी ते अनेक दशकं सांभाळलं, वाढवलं, आणि शहरात येणाऱ्या बाळंतिणींची अवस्था पाहून १९७२ साली हॉस्पिटलचं काम वढू बुद्रुकला नेलं. संभाजी महाराजांच्या समाधीचं वढू ते हेच. गावातल्याच माणसांना शिकवून आरोग्याचं काम त्यांच्या हाती द्यायचं, ही त्यांची पद्धत. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच साली पीएमएनएसची सुरुवात झाली, हा योगायोग. पण केईएमचा माणूस दारात आला तर गावातली माणसं दार लावून घेत नाहीत, ही कमाई मात्र योगायोगाची नव्हती. अशी कमाई संशोधनाच्या लेखात कुठल्याही तक्त्यात बसत नाही. तिच्याशिवाय एकही तक्ता भरला गेला नसता.

अभ्यासामागचं डोकं डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं. ऑक्सफर्डला मधुमेहावर काम करून ते पुण्यात परतले आणि केईएममध्ये मधुमेहाचा विभाग उभा करू लागले. पुस्तकात मधुमेहाचा दुसरा प्रकार म्हणजे उतारवयाचा, स्थूल माणसांचा आजार. समोर बसणारे रुग्ण मात्र तरुण, अंगाने बारीक, हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं सुटलेलं. पुस्तक चुकलं की रुग्ण, असा प्रश्न पडावा अशी परिस्थिती.

१९९१ साली इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनहून संशोधक डेव्हिड बार्कर पुण्यात आले. बार्कर यांची कीर्ती एका जुन्या वहीवर उभी होती. इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून सुईणी प्रत्येक बाळाचं जन्मवजन लिहून ठेवत. ती पुस्तकं सापडल्यावर बार्कर यांनी पाहिलं की जन्मतः जे हलके होते, ते म्हातारपणी हृदयविकाराने अधिक संख्येने गेले. पुढे मधुमेहाचंही तेच दिसलं. गर्भात उपासमार झाली की शरीर काटकसर शिकतं, आणि पुढे सुबत्ता आली की ती काटकसरच त्याच्यावर उलटते, असा त्यांचा सिद्धान्त. ते इथल्या रुग्णांची जन्मवजनं विचारू लागले. आता पन्नाशीतल्या माणसाचं जन्मवजन आपल्याकडे कुठे मिळायचं! जन्मतारीख शाळेतल्या मास्तरांनी ठरवलेली असण्याचा तो काळ.

मुलांची मात्र मिळाली. केईएममध्ये १९८७ ते १९८९ दरम्यान जन्मलेल्या मुलांची वजनं नोंदलेली होती. त्यांतली ३७९ मुलं चार वर्षांची असताना बोलावून, ग्लुकोज पाजून, त्यांचं रक्त तपासलं. जन्मतः हलकी असलेली मुलं चौथ्या वर्षीच साखर आणि इन्सुलिन चढं दाखवत होती. आठव्या वर्षी ४७७ मुलं तपासली, तेव्हा सगळ्यांत वाईट लक्षणं होती ती जन्मतः छोटी पण आठव्या वर्षापर्यंत अंगाने भरलेल्या मुलांत. 'बाळसं धरलंय हो छान' म्हणून आजीने दृष्ट काढावी अशी ती मुलं.

आता मुळाशी जायचं तर गर्भाशयाशी जायला हवं होतं, आणि तेही गरिबाघरच्या. त्यासाठीच पीएमएनएस उभा राहिला. साउदॅम्प्टनच्या संशोधक कॅरोलिन फॉल सोबत होत्या. पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेतल्या शोभा राव आणि त्यांचे सहकारी आहाराचा भाग पाहत होते.

नवजात बाळ मोजणं म्हणजे काय, हे थोडं जवळून पाहायला हवं. वजनकाटा, डोक्याचा घेर, लांबी हे सर्वांना माहीत असतं. इथे त्यात भर होती कॅलिपरची. हे चिमट्यासारखं एक उपकरण. त्याची स्प्रिंग अशी बसवलेली असते की जबडे कितीही उघडले तरी दाब सारखाच राहतो, दर चौरस मिलिमीटरला दहा ग्रॅम. बाळाच्या दंडाच्या मागच्या बाजूला आणि पाठीवर खांद्याच्या फऱ्याखाली अंगठा आणि तर्जनीत कातडीची घडी हलकेच उचलायची, खालचा स्नायू सोडून. त्या घडीला कॅलिपर लावायचं, काटा स्थिर झाला की आकडा वाचायचा. सगळा खेळ काही मिलिमीटरांचा. घडी जरा जास्त धरली की बाळ जाड ठरणार, कमी धरली की बारीक. म्हणून मोजणाऱ्या हातांना तालीम द्यावी लागते आणि हे हात एकमेकांशी पुन्हा पुन्हा ताडून पाहावे लागतात. चमचमणाऱ्या प्रयोगशाळेतलं लाखोंचं यंत्र बिघडलं तर तंत्रज्ञ येतो. इथे एका खेड्यातल्या खाटेवर, नुकत्या बाळंत झालेल्या बाईच्या शेजारी बसून, रडणाऱ्या बाळाच्या पाठीवर हे साधायचं होतं.

या मिलिमीटरांतूनच पुण्याचं नाव पुढे जगभर गेलं.

पुण्याच्या खेड्यांतली दिवस भरून जन्मलेली ६३१ बाळं आणि साउदॅम्प्टनची ३३८ बाळं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. पुण्याच्या आया सरासरी २१ वर्षांच्या, उंची १५२ सेंटिमीटर, वजन ४४.६ किलो. साउदॅम्प्टनच्या सत्तावीस वर्षांच्या आसपास, १६३ सेंटिमीटर, ६३.६ किलो. तिकडचं बाळ साडेतीन किलोचं, इकडचं दोन किलो सातशे ग्रॅमचं. इथवर नवल नाही. आठशे ग्रॅमचा हा फरक कुणीही न मोजताही सांगितला असता. नवल पुढे आहे. हे आठशे ग्रॅम कुठून कमी झाले होते? सांख्यिकीच्या मापाने पाहिलं तर सगळ्यांत मोठी तूट पोटाच्या घेरात होती, म्हणजे यकृतासारखे अवयव जिथे असतात तिथे. मग दंडाच्या घेरात, म्हणजे मुख्यतः स्नायूत. आणि सगळ्यांत कमी तूट पाठीवरच्या त्या चिमटीत. पोटाच्या घेरातली तूट २.३८ एकक, तर पाठीवरच्या चरबीतली जेमतेम अर्धं एकक. बाळाने पोटात असताना सगळ्याला कात्री लावली होती, पण चरबी राखून ठेवली होती. दिसायला हडकुळं, आतून मेदाचं. अशा बाळाला त्यांनी इंग्रजीत 'थिन-फॅट' म्हटलं. नाव चिकटलं.

पुढे याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 'लान्सेट'मध्ये २००४ साली एक गमतीदार छायाचित्र छापलं. दोघे शेजारी उभे, दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक बरोबर सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात मेद ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. स्वतःच्या शरीराचा पुरावा मांडायचा दिलदारपणा संशोधकांत फार दिसत नाही. भारतीयांना वजनकाट्यावर विसंबून चालणार नाही, हे त्या एका चित्राने जेवढं पटवलं तेवढं दहा लेखांनी पटलं नसतं.

मग आयांनी काय खाल्लं होतं? इथे अभ्यासाने अनेकांच्या कल्पनेला धक्का दिला. ७९७ गरोदर बायकांच्या आहाराचा हिशेब लावला. अठराव्या आठवड्यात त्यांच्या पोटात दिवसाला सुमारे १,७७० कॅलरी जात होत्या आणि ४५ ग्रॅम प्रथिनं. पोटुशी बाई, वर शेतातलं काम, आणि एवढंच खाणं. साहजिक अंदाज असा की जिला चार घास जास्त, तिचं बाळ मोठं. तसं दिसलं नाही. कॅलरी आणि प्रथिनं यांचा बाळाच्या आकाराशी संबंध सापडला नाही. संबंध सापडला तो पालेभाज्या, फळं आणि दूध यांच्याशी. ज्या बायकांच्या ताटात अठ्ठाविसाव्या आठवड्यात पालेभाजी आणि फळं जास्त वेळा होती, ज्यांना अठराव्या आठवड्यात दूध मिळत होतं, त्यांची बाळं मोठी. भाकरी-भाताने पोट भरतं, पण बाळ घडवायला लागणारी बारीकसारीक सामग्री त्यातून पुरी पडत नाही, असा त्याचा अर्थ.

आता मेथी, शेपू, चाकवत, तांदुळसा या काही श्रीमंतांच्या वस्तू नाहीत. बांधावर उगवतात, बाजाराच्या दिवशी ढिगाने मिळतात. मग त्या ताटात का नव्हत्या? माझं मत विचाराल तर उत्तर भाजीत नाही, पंगतीच्या क्रमात आहे. आधी पुरुष, मग मुलं, मग सासू, शेवटी सून. भाजी पातेल्याच्या तळाला गेली की उरते भाकरी आणि ठेचा. दुधाचं तर विचारूच नका. गोठ्यात जनावर आहे, पण दूध पहाटे डेअरीच्या कॅनमध्ये जातं, उरलेलं चहात. त्यातून 'फार खाल्लंस तर बाळ मोठं होईल, बाळंतपण अडेल' हा सल्ला द्यायला कुणी ना कुणी असतंच. याच अभ्यासात कामाचाही हिशेब मांडला गेला. पाणी भरणं, धुणं, शेतातली मजुरी यांचा भार जिच्यावर जास्त, तिचं बाळ लहान. डोहाळजेवणाला हिरवी साडी नेसवून पाटावर बसवलेली बाई दुसऱ्या दिवशी सकाळी हंडा घेऊन विहिरीवरच असते.

रक्त तपासलं तेव्हा आणखी एक गाठ समोर आली. सातशे गरोदर बायकांपैकी दोनतृतीयांश बायकांत बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं. फोलेट मात्र जवळजवळ सगळ्यांत पुरेसं. फोलेट पालेभाजीतून मिळतं, शिवाय सरकारी लोहाच्या गोळीत फोलिक अॅसिड असतंच. बी-१२ जिवाणूंखेरीज कुणी बनवू शकत नाही आणि आपल्यापर्यंत येतं ते दूध, अंडी, मासे, मटण यांतून. शरीरात ही दोन जीवनसत्त्वं जोडीने काम करतात. पेशींच्या गुणसूत्रांवर छोट्या रासायनिक खुणा चिकटवायच्या, म्हणजे कुठलं जनुक चालू राहील आणि कुठलं गप्प बसेल हे ठरतं. त्या खुणांचा पुरवठा या दोघांच्या भागीदारीवर चालतो. एक भागीदार भरपूर आणि दुसरा गैरहजर असेल तर काम अडून पडतं.

ही बाळं सहा वर्षांची झाली तेव्हा ६५३ मुलांची तपासणी झाली. ज्यांच्या आयांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्या मुलांत इन्सुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती सगळ्यांत अधिक दिसली. हा निष्कर्ष २००८ साली छापून आला आणि जगभर चर्चा झाली, कारण अनेक देश तेव्हा पिठात फोलिक अॅसिड मिसळत होते. आपल्याकडे तर गरोदर बाईच्या हाती पडणारी पहिली गोळी तीच. गोळी चुकीची आहे असं कुणी म्हटलं नाही, म्हणूही नये. पण एका जोडीतला एकच बैल जुंपून नांगर ओढायची अपेक्षा आपण वर्षानुवर्षं करत आलो.

इथे सामाजिक वंचिततेचा सरळ हिशेब जरा वाकतो. याज्ञिक यांच्याच गटाने पुण्याच्या परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं बी-१२ तपासलं. खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले. कमतरता सगळ्यांत जास्त निघाली मध्यमवर्गात, ८१ टक्के. खेड्यात ६८. झोपडपट्टीत सगळ्यांत कमी, ५१. शाकाहाराचा अभिमान आणि वस्तीतल्या रविवारच्या मटणाचा वाटा, दोन्ही त्या आकड्यांत आले. गरिबी म्हणजे सगळ्याच गोष्टींची उणीव, हे समीकरण इथे टिकत नाही. मध्यमवर्गीय पुणेकराने ही टक्केवारी वाचून गप्प बसावं अशी ती आहे. अर्थात तो गप्प बसत नाही, तो गोळी घेतो. त्याला गोळी परवडते, एवढाच फरक.

सहा गावांतल्या पालेभाजीची गोष्ट खरी की योगायोग, हे तपासायला प्रयोग करावा लागतो. तो झाला मुंबईत. डॉ. रमेश पोतदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ पासून झोपडपट्टीतल्या ६,५१३ बायकांना रोज एक खाऊ द्यायला सुरुवात केली. एका गटाचा खाऊ पालेभाजी, फळं, दूध घालून केलेला. दुसऱ्या गटाचा बटाटा-कांद्यासारख्या कमी सत्त्वाच्या भाज्यांचा. आणि तो दिवस जायच्या आधीपासून द्यायचा. पुण्याचा धडा इथे उपयोगी पडला: तिसऱ्या महिन्यात सुरू केलं तर उशीर झालेला असतो.

निकाल हाती आला तेव्हा टाळ्या वाजवाव्यात असा नव्हता. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर जन्मवजनातला फरक ठाम म्हणण्याजोगा नाही. दिवस जायच्या किमान तीन महिने आधीपासून ज्यांनी खाऊ खाल्ला, त्यांच्यात ४८ ग्रॅमची वाढ. गरोदरपणातला मधुमेह मात्र १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर आला, ही मोठी गोष्ट. आणि एक आकडा असा की जो वाचल्यावर मी पान उलटायचं थांबलो. अंगाने भरलेल्या बायकांच्या बाळांचं वजन ९६ ग्रॅमने वाढलं होतं. सगळ्यांत बारीक बायकांच्या बाळांना खाऊचा काहीच फायदा दिसला नाही. जिला सगळ्यांत जास्त गरज, तिच्याच बाळापर्यंत तो पोहोचला नाही. कदाचित त्या बाईच्या शरीराने मिळालेलं आधी स्वतःची जुनी थकबाकी फेडायला वापरलं. खात्या तोंडाला घास मिळाला की तो बाळाला लागतो, हे आपलं गृहीतक. मधल्या शरीराचं देणं आपण धरतच नाही.

ते देणं किती जुनं असू शकतं? दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाममध्ये एकोणिसाव्या शतकापासून भारतीय वंशाचे मजूर नेऊन वसवले गेले. त्यांच्या चौथ्या-पाचव्या पिढीतली बाळं मोजली तर तीही हडकुळी-मेदाचीच निघाली. पिढ्या बदलल्या, देश बदलला, बाळाची ठेवण तीच. यात आनुवंशिकतेचा वाटा किती आणि उपासमारीचा किती, यावर विद्वानांचं भांडण चालू आहे. पुण्याशी नातं असलेल्या आनंदवर्धन हार्डीकर यांच्या गटाने २०१५ साली उंदरांवरचा एक प्रयोग छापला. त्यात उंदरांच्या पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या. त्यांची पिल्लं हलकी, पोटात चरबी जास्त, रक्तात बी-१२ कमी, मधुमेहाकडे झुकलेली. मग पुढच्या दोन पिढ्यांना पोटभर खायला घातलं. दोष गेला नाही. उंदराची पन्नास पिढ्यांची उपासमार म्हणजे माणसाची किती, हा हिशेब करायचा मोह आवरावा. पण दुष्काळ, सावकारी, पंगतीचा क्रम, जातीनुसार ठरलेलं ताट, हे सगळं आपल्याकडे एक-दोन पिढ्यांचं नाही, हे सांगायला उंदीर लागत नाहीत.

आणि इथेच या संशोधनाचा एक धोका आहे. २०१४ साली 'नेचर'मध्ये सारा रिचर्डसन आणि इतरांनी लिहिलेला लेख 'आयांना दोष देऊ नका' असं शीर्षकातच सांगत होता. गर्भातल्या पोषणाचे निष्कर्ष वर्तमानपत्रात येईपर्यंत 'आईच्या खाण्यामुळे मुलाला मधुमेह' असे होतात. भारतात तर हे जास्तच खरं. मूल होत नाही तर तिचा दोष, मुलगी झाली तर तिचा दोष, आता मुलाला पन्नाशीत साखर झाली तर त्याचाही दोष तिचाच. पीएमएनएसचं नाव 'मातेच्या पोषणाचा अभ्यास' असं आहे, पण त्यातल्या कुठल्याच आकड्याने त्या बाईला निवड होती असं दाखवलेलं नाही. बाविशीच्या आत आई झालेली, पंचेचाळीस किलोंची, शेवटच्या पंगतीत बसणारी बाई काय खाणार हे सासू ठरवते, नवरा ठरवतो, दुधाचा दर ठरवतो. निष्कर्ष मांडताना हे प्रत्येक वेळी सांगितलं जात नाही, ही माझी या क्षेत्राबद्दलची तक्रार. त्यातल्या अनेक संशोधकांचीही तीच असावी.

सहा गावांतली ती मुलं अठरा वर्षांची झाली, तपासणी पुन्हा झाली. निम्म्याच्या आसपास मुलं-मुली अजूनही ठरलेल्या मापापेक्षा कमी वजनाची. आणि तरीही ३७ टक्के मुलग्यांच्या आणि १८ टक्के मुलींच्या रक्तातली साखर हाताबाहेर जाऊ लागलेली. हे शहरातले पिझ्झा खाणारे नव्हेत, शिरूर-खेडच्या बाजूची शेतकऱ्यांची पोरं. ज्यांची साखर अठराव्या वर्षी चढली, त्यांची लहानपणापासूनच जरा चढी होती, हेही जुन्या नोंदींवरून दिसलं. कारण जुन्या नोंदी होत्या.

सहाव्या वर्षीच्या बी-१२ च्या निष्कर्षावरून पुढचा प्रयोग साहजिक होता. २०१२ पासून याच मुलांवर 'प्रिया' हा प्रयोग सुरू झाला. ५५७ जण, सतरा वर्षांच्या आसपासचे. काहींना बी-१२ ची रोज दोन मायक्रोग्रॅमची गोळी, म्हणजे औषधाइतकी नाही, चांगल्या जेवणातून मिळायला हवी तेवढी. काहींना तीच, सोबत इतर जीवनसत्त्वं आणि दूधपावडर. काहींना दोन्हींतलं काही नाही. लोह-फोलिक सगळ्यांना. गोळी चालू ठेवायची ती मुलीच्या पहिल्या बाळंतपणापर्यंत.

आता मुलीचं लग्न झालं की ती सासरी जाते. गाव बदलतं, आडनाव बदलतं, कधी जिल्हा बदलतो. पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी, पण मधली दोन-तीन वर्षं ती कुठल्या तरी नव्या घरातली नवी सून असते. तिथे 'ही कसली गोळी?' या प्रश्नाला तिला एकटीने उत्तर द्यायचं असतं. संशोधकांसाठी ही गोळ्यांची पाकिटं पोहोचवण्याची अडचण. तिच्यासाठी ती आणखी काही. तरीही बाळं झाली, पुन्हा मोजली गेली, आणि दोन वर्षांच्या वयात त्यांची आकलनाची आणि भाषेची चाचणी घेतली, तेव्हा ज्या आयांना दिवस जायच्या आधीपासून नुसतं बी-१२ मिळत होतं त्यांची मुलं सरस ठरली. दोन मायक्रोग्रॅम! पोस्टाच्या तिकिटाचा कागदसुद्धा त्याच्या हजारो पट जड.

या प्रयोगातली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. गोळ्या फक्त मुलींना दिल्या नाहीत, मुलग्यांनाही दिल्या. तोवर बाळाच्या तब्येतीचा सगळा हिशेब आईच्या नावावर होता, बापाची फार तर उंची विचारली जायची. इथे पहिल्यांदा गावातल्या सतरा वर्षांच्या पोरालाही सांगितलं गेलं की उद्या तुला मूल व्हायचं आहे, तर तूही आजपासून ही गोळी रोज घे.